गॅरेजमधली प्रमाणं

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "घरच्या गॅरेजात गाडीची देखभाल." पलीकडे काही क्षण शांतता. ३४ वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाकडून त्यांना बहुधा उपनिषदं अपेक्षित असावीत! पण मंडळी, ज्ञान म्हणजे काय, हा प्रश्न मला वर्गापेक्षा गॅरेजात जास्त छळत आला आहे. गॅरेज म्हणजे तरी काय, पुण्यातल्या आमच्या घराच्या कडेला एक पत्र्याची शेड, भिंतीवर पाने टांगलेले आणि मध्ये मारुती ८००. पुढे गाड्या बदलल्या, शेड तीच राहिली.

न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमान आज बाजूला ठेवू. बाकीची तीन गॅरेजात रोज लागतात.

आधी प्रत्यक्ष. इंजिन ऑइल तपासणं हे सगळ्यांत सोपं काम. पट्टी ओढली, पाहिलं, झालं. असं मला पहिली दोन वर्षं वाटत होतं. गाडी सपाट जागेवर हवी. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायला हवं, म्हणजे वर गेलेलं तेल खाली उतरतं. पहिल्यांदा ओढलेली पट्टी फसवते, कारण तिच्यावर उडालेलं तेल लागलेलं असतं. ती पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग बाहेर काढून वाचायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. बघा, साध्या पाहण्यालाही पूर्वतयारी लागते.

आता अनुमान. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणार, हे उदाहरण मी वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं असेल. गॅरेजात धूर तर असतोच, फक्त सायलेन्सरमधून येतो. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. दाट पांढरा धूर, आणि तो थांबतच नसेल, तर कूलंट आत शिरत असण्याची शंका घ्यावी. पण डिसेंबरच्या सकाळी गाडी सुरू केली की दोन मिनिटं पांढरी वाफ निघतेच, ती नुसती पाण्याची. म्हणजे 'पांढरं दिसलं' हा हेतू दोन्हीकडे सापडतो. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतात. एका मित्राने अशाच वाफेवरून इंजिन उघडायची तयारी केली होती. त्याला हेत्वाभास शिकवायला एक हिवाळा पुरला.

टायरही असेच बोलतात. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी, एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट तपासून घ्या.

तिसरं शब्दप्रमाण. डॅशबोर्डच्या खणात पडलेलं मॅन्युअल हे आपलं आप्तवाक्य. ते जरूर मानावं, पण कारण समजून मानलं तर लक्षात राहतं. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडवायचं, लावताना ते शेवटी जोडायचं. का? गाडीची पत्र्याची बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. ऋण जोडलेलं असताना धन टोकावरचा पाना बॉडीला टेकला की शॉर्टसर्किट, ठिणगी. आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हे विसरू नका. कारण कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

इथपर्यंत सगळं छान. आता माझी चूक सांगतो.

१९९९ सालची गोष्ट. मुलगी दुसऱ्या दिवशी मुंबईला निघणार होती. मी कौतुकाने चारही चाकं अदलाबदल करून देतो म्हटलं. मारुतीच्या चाकाला चार नट. ते समोरासमोरचे, आलटूनपालटून आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. हवेत असताना अर्धवट आवळायचे, गाडी जमिनीवर उतरवली की पुन्हा पक्के करायचे. हे सगळं मला माहीत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. शेवटचं चाक बसवलं, गाडी जॅकवरून खाली घेतली आणि घरात फोन वाजला. एका विद्यार्थ्याचा प्रबंधासंबंधी फोन. अर्धा तास बोललो, परत आलो, पाने गोळा केले, हात धुतले.

तळेगावच्या अलीकडे मुलीला मागून कटकट आवाज ऐकू आला. स्टिअरिंगही थरथरत होतं. तिने गाडी कडेला घेतली. पंक्चरवाल्याने पाहिलं तर दोन नट बोटांनी फिरत होते. पुढे घाट होता. तिने रात्री घरी फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, "बाबा, मागचं चाक राहिलं होतं." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

गिल्बर्ट राइल या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात एक भेद मांडला. अमुक असं आहे हे माहीत असणं वेगळं आणि ते करता येणं वेगळं. त्याचा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटेल. प्रत्येक शहाणी कृती करण्याआधी मनात नियम आठवावा लागत असेल, तर तो आठवणं हीसुद्धा एक कृतीच. ती शहाणपणाने व्हायला आणखी एक नियम हवा. मग त्याच्यासाठी आणखी एक. हा अनवस्था दोष झाला. म्हणून कौशल्य हे करण्यातच असतं, असं राइल म्हणतो.

मी हे वर्गात २० वर्षं शिकवत होतो. नट मात्र सैलच राहिले.

त्यानंतर मी काही सवयी लावून घेतल्या. काम अर्धवट सोडून उठावं लागलं तर पाना स्टिअरिंगवर ठेवतो, म्हणजे गाडी चालवायला बसणाऱ्याला तो आधी हातात घ्यावा लागतो. चाक काढलं असेल तर शंभरेक किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासतो. आणि जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. खाली शिरायचं तर स्टँड लावूनच, नाहीतर शिरायचंच नाही.

आपली मर्यादा ओळखणं हेही या ज्ञानातच येतं. ऑइल, फिल्टर, वायपर, प्लग, बॅटरी घरी जरूर करा. ब्रेकचं काम शिकलेल्या माणसाच्या देखरेखीशिवाय नको. एअरबॅग आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल यांना हात लावू नका, त्या केबलमध्ये जिवावर बेतणारा विद्युतदाब असतो. काढलेलं जुनं तेल गटारात ओतू नका, ते गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.

वर्गात मी चुकलो तर शब्दांनी सावरून नेत असे. विद्यार्थीही सभ्य, मान हलवायचे. नट मान हलवत नाही. सैल असेल तर सैलच. म्हातारपणी असं कुणीतरी आपल्याशी रोखठोक असावं, असं मला वाटतं.

या रविवारी एवढंच करा. ऑइलची पट्टी दोनदा काढा आणि दोन्ही वेळा काय दिसलं ते ताडून पाहा. प्रश्न असतील तर आता घेऊ.