कारखान्यांतील देवघेव

कारखाना म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर अखंड फिरणारीं चाकें उभीं राहतात. सिमेंट, कागद किंवा पेट्रोल ह्यांच्या बाबतींत तें चित्र बरेंचसें खरेंहि आहे; एका तोंडानें कच्चा माल आंत जातो व दुसऱ्या तोंडानें पक्का माल बाहेर पडत राहतो. परंतु औषधें आणि रंग ह्यांचें काम पुष्कळदां आपल्या स्वयंपाकघरासारखें चालतें. चकल्यांचा एक घाणा तळून निघाल्यावांचून दुसरा कढईंत पडत नाहीं. त्याचप्रमाणें येथेंहि ठराविक मापाचा एक घाणा शिजवून, तपासून, बाहेर काढल्यावरच दुसरा घालतात. कारखान्यांत ह्या घाण्याला 'बॅच' म्हणतात. आपल्याकडील तारापूर, महाड, लोटे येथील रासायनिक कारखान्यांतलें पुष्कळसें काम ह्याच पद्धतीचें आहे.

पूर्वीं घाण्याजवळ कामगार उभा असे. नजर कांट्यावर आणि हात चाकावर. आज अनेक मोठ्या कारखान्यांत हें काम संगणक करतो, आणि म्हणून त्याला प्रत्येक पायरी लिहून द्यावी लागते. ती कशी लिहावी ह्याविषयीं अमेरिकेंतील उपकरणतज्ज्ञांच्या संस्थेनें १९९५ सालीं एक प्रमाणपद्धति प्रसिद्ध केली. तिला 'एस-८८' म्हणतात. १९९७ सालीं तिलाच आंतरराष्ट्रीय प्रमाणाचें रूप मिळालें. तिचें मुख्य सूत्र कोणत्याहि सुगृहिणीला पटेल: पाककृति वेगळी आणि भांडीं वेगळीं. 'पांचशें किलो द्रावक घाला' एवढेंच पाककृतीनें सांगावें. त्यासाठीं कोणता व्हॉल्व्ह उघडावा व कोणता पंप चालवावा, हें त्या त्या भांड्याच्या मांडणींत लिहिलेलें असावें. कामाच्या सर्वांत लहान पायरीला ह्या पद्धतींत 'फेज' म्हणतात. ढवळणें ही एक फेज, तापविणें ही दुसरी.

ह्या बहुतेक पायऱ्या एकाच भांड्यापुरत्या असतात. परंतु एका टाकींतला माल दुसऱ्या भांड्यांत नेणें ही पायरी अशी आहे कीं तिला दोन धनी आहेत. अपघाताचें मूळ पुष्कळदां येथेंच असतें. कारण प्रत्येक धनी स्वतःपुरतें पाहतो, आणि मधल्या नळीचा वाली कोणीच नसतो.

एकेरी लोहमार्गावर पूर्वीं गाडी कशी सुटे, हें तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पुढें रूळ मोकळे दिसतात एवढ्यावर स्टेशनमास्तर गाडी सोडीत नसे. तो आधीं पुढच्या स्टेशनाकडून 'लाइन क्लिअर' मागे. तिकडून होकार आला कीं टोकन ड्रायव्हरच्या हातीं पडे. आणि तें टोकन पुढच्या स्टेशनांत पोंचेपर्यंत त्या टप्प्यांत दुसरी गाडी सोडतां येत नसे. द्रव पदार्थाच्या वाहतुकीची शिस्त अशीच आहे.

म्हणून ही पायरी दोन भागांत लिहितात: टाकीसाठीं 'देणें' आणि भांड्यासाठीं 'घेणें'. प्रारंभ घेणारानें करावयाचा. आपल्यांत पुरेशी जागा आहे काय, आपण ह्याच घाण्यासाठीं राखलेले आहों काय, तळाचा व्हॉल्व्ह बंद आहे काय, आंतली हवा बाहेर जाण्यास वाट आहे काय, हें भांडें प्रथम तपासतें. मग सामाईक नळी आपल्या नांवावर राखून घेतें. हेंच त्याचें टोकन. नंतर तें आपला व्हॉल्व्ह उघडतें. येथें एक बारकावा आहे. 'उघड' असा हुकूम सुटला म्हणजे व्हॉल्व्ह उघडला असें नव्हे. व्हॉल्व्हावर बसविलेल्या स्विचानें तशी पोंच दिली पाहिजे. ती मिळाल्यावरच 'तयार आहें' हा निरोप जातो. मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो, आणि सर्वांत शेवटीं पंप सुरू होतो. थांबतांना आधीं पंप, मग टाकीचा व्हॉल्व्ह, आणि नळींतला माल भांड्यांत उतरल्यावर भांड्याचा व्हॉल्व्ह. त्यानंतरच नळी दुसऱ्यासाठीं मोकळी होते.

आतां मापाकडे वळूं. वाणी साखर तोलतांना आरंभीं ओंजळभर घालतो व शेवटीं चिमूट चिमूट सोडतो. संगणकहि तेंच करतो. समजा, नळींतून सेकंदाला दोन किलो द्रव वाहतो आणि व्हॉल्व्ह पुरता मिटण्यास तीन सेकंद लागतात. पांचशेंचा आंकडा दिसल्यावर हुकूम दिला, तर मिटतां मिटतां आणखी कांहीं किलो माल उतरणारच. म्हणून शेवटीं धार बारीक करतात, आणि बंद करण्याचा हुकूमहि थोडा आधींच देतात.

कसोटी लागते ती काम मधेंच अडल्यावर. तीनशें वीस किलो माल गेला आणि वीज गेली, अशी कल्पना करा. वीज आल्यावर संगणकानें नव्यानें शून्यापासून मोजलें, तर भांड्यांत आठशें वीस किलो पडतील. भांडें सहाशेंचें असल्यास तें ओसंडेल. गेलेला आंकडा जतन करून उरलेले एकशें ऐंशीच द्यावयाचे, हें लिहितांनाच ठरवावें लागतें. तसेंच, दोहोंपैकीं एकजण थांबला तर दुसऱ्यानेंहि तत्क्षणीं थांबलें पाहिजे. घेणारा 'थांब' म्हणत असतां देणाऱ्याचा पंप चालूच राहिला, तर सारी मांडणी फुकट.

शेवटचें काम जमाखर्चाचें. टाकींतून किती गेला आणि भांड्यांत किती आला, हे आंकडे ठरलेल्या मर्यादेंत जुळले पाहिजेत. न जुळल्यास काम रोखून माणसाला बोलवावें. हा केवळ कारकुनी काटेकोरपणा नव्हे. इंग्लंडांत लंडनच्या उत्तरेस बन्सफील्ड येथें तेलाचें आगार होतें. २००५ सालच्या १० डिसेंबरच्या सायंकाळपासून तेथील एका टाकींत लांबच्या नळींतून पेट्रोल येत होतें. मध्यरात्रीनंतर टाकीच्या पातळीचा आंकडा एका जागीं अडकला. पेट्रोल मात्र येतच राहिलें. टाकी भरल्यावर आवक बंद पाडणारा वेगळा स्विच होता, पण तोहि चालला नाहीं. टाकी ओसंडली, वाफेचा ढग पसरला, आणि ११ तारखेस सकाळीं सहाच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. चाळीसहून अधिक माणसें जखमी झालीं. रविवारची पहांट होती म्हणूनच प्राणहानि टळली. नळी देते आहे आणि टाकीचा आंकडा हालत नाहीं, हा विरोध कित्येक तास समोर होता. दोन्हीं खातीं जुळवून पाहणारें कोणी नव्हतें.

दुसरी घटना अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांतल्या अ‍ॅचिसन गांवची. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं तेथील एका कारखान्यांत टँकरमधून गंधकाम्ल उतरवावयाचें होतें. शेजारींशेजारीं असलेल्या नळ्यांचीं तोंडें दिसण्यांत सारखीं होतीं. रबरी नळी चुकीच्या तोंडाला जोडली गेली आणि आम्ल सोडियम हायपोक्लोराइटच्या टाकींत गेलें. क्लोरीनयुक्त विषारी ढग गांवावर पसरला; १४० हून अधिक लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. 'किती' ह्या प्रश्नाआधीं 'काय' आणि 'कोठें' हे प्रश्न विचारावयाचे असतात, हा त्याचा धडा. जोडणी माणसानें करावयाची असेल तर त्या माणसाचीहि एक पायरी कृतींत लिहावी: चिठ्ठी वाचली, तोंड ओळखलें, दुसऱ्या माणसानें तें पडताळलें, आणि तोंवर कुलूप उघडूं नये.

श्रोतेहो, संगणक वेगानें काम करतो, पण न सांगितलेली शंका त्याला येत नाहीं. जुना कामगार नळीला हात लावून, आवाज ऐकून जें ताडीत असे, तें आतां कोणीतरी आधीं बसून, एकेक प्रश्न करून लिहावें लागतें. आपल्या हातीं येणाऱ्या औषधाच्या गोळीमागें अशी कित्येक देवघेव झालेली असते. ती विनातक्रार पार पडावी ह्यासाठीं देणाऱ्यानें विचारल्यावांचून देऊं नये, घेणारानें पोंच दिल्यावांचून राहूं नये, आणि हिशेब जुळल्यावांचून दोघांनींहि उठूं नये.