कॅमेऱ्यासमोरचं इंग्रजी

प्रौढांसाठीच्या वेबकॅम धंद्यात कोलंबिया आणि रुमानिया आघाडीवर आहेत. स्टुडिओ मेडेयीन, बोगोता, बुखारेस्टमध्ये. पैसे मोजणारा प्रेक्षक मात्र बराचसा अमेरिकेतला. म्हणून अनेक स्टुडिओ मेकअप आणि प्रकाशयोजनेच्या जोडीला मॉडेलना इंग्रजीही शिकवतात. व्याकरणाला तिथे फारसं कुणी विचारत नाही. गिऱ्हाइकाला नावाने हाक मारणं, कालच्या गप्पा आज पुढे नेणं, टिप मिळाली की आभार मानणं आणि मुख्य म्हणजे नको ती मागणी माणूस न दुखावता नाकारणं, एवढं आधी जमावं लागतं. खासगी शोचे पैसे मिनिटावर मिळतात, त्यामुळे संभाषण लांबवू शकणारी मॉडेल जास्त कमावते. इंग्रजी न येणाऱ्या भाषांतराचं अ‍ॅप वापरतात. कोलंबियातल्या काही स्टुडिओंत तर मॉनिटर म्हणवला जाणारा कर्मचारीच मॉडेलच्या नावाने चॅट टाइप करतो. (प्रेक्षकाला याचा पत्ता नसतो, हे सांगायला नकोच.) धोका असा, की आपल्या वतीने काय कबूल झालं हे तिलाच कळत नाही. ह्यूमन राइट्स वॉचने डिसेंबर २०२४ मध्ये कोलंबियातल्या स्टुडिओंमधल्या शोषणावर अहवाल प्रसिद्ध केला. आपल्या नावावर काय कबूल होतंय हे कळायचं, तर इंग्रजीचा पहिला धडा वेबसाइटच्या अटी वाचण्याचा असायला हवा.