चहा उरला, बैठक गेली

१ जून २०३० रोजी मुंबई-पुण्यादरम्यान धावणाऱ्या डेक्कन क्वीनला शंभर वर्षं पूर्ण होतील. तेव्हा गौरव होईल तो गाडीच्या वक्तशीरपणाचा. मला विचाराल तर तिच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे डायनिंग कार. इंग्रजांच्या दुपारच्या चहाची रीत घाटाच्या या बाजूला सार्वजनिक स्वरूपात टिकली ती तिथेच. वेळ ठरलेली, बसायला टेबल, हातात कपबशी, जोडीला टोस्ट किंवा बिस्किटं, समोर बोलायला माणूस. ही रीत मावळात आगगाडीने आणली आणि मोटारीच्या रस्त्याने घालवली, असं माझं मत आहे.

आगगाडी पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आली १८५८ मध्ये, घाट जोडला गेला १८६३ मध्ये, आणि लोणावळा-खंडाळ्याच्या थंड हवेत बंगले उठले. त्या बंगल्यांच्या व्हरांड्यांतल्या चहाचं मला फारसं कौतुक नाही. तिथे बसणारे वेगळे होते आणि ट्रे आणणारे वेगळे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांसकट कितीतरी जणांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, हे मात्र विसरू नये. एका टेबलाशी चहा घेणं कधीकाळी एवढं जड होतं. पुढे १९०३ च्या चहा उपकरातून मळेवाल्यांनी देशभर प्रचार केला, स्टेशनांवर चहा विकवला आणि लोकांना सवय लावली. डेक्कन क्वीन मात्र आधी वरच्या वर्गांचीच होती. १९५५ च्या जूनमध्ये तिला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले आणि ती चाकरमान्यांची झाली.

ही रीत टिकलेली आणि मग मोडलेली दिसते ती १९९५ ते २००५ या दहा वर्षांत. १९९५ मध्ये गाडीला नवे डबे मिळाले. डायनिंग कारमध्ये ३२ जणांची टेबलावर बसून खाण्याची सोय होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास मुंबई सोडणाऱ्या गाडीत चहा आणि चीज टोस्ट घेताना अनोळखी माणसं समोरासमोर येत आणि बोलू लागत. त्याच काळात जुन्या महामार्गावरची वाहनं लोणावळ्याच्या बाजारातूनच जात. घाट चढून आलं की लोक उतरत, हॉटेलात बाकावर टेकत, चहा घेऊन चिक्की बांधून नेत. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. या रस्त्याने लोणावळ्याचं भलं होईल, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जात होतं. बंगल्यांचे भाव वाढले, हे खरं. पण थांबण्याची गरज संपली. थांबा सरकला फूड मॉलमध्ये. तिथे आधी पैसे भरायचे, कागदी पेला घ्यायचा आणि गाडीकडे चालू लागायचं. वाचलेल्या वेळातून चहाला पाव तासही मिळाला नाही, हे मला आजही खुपतं.

कुणी म्हणेल, चहा तर पूर्वीपेक्षा जास्त विकला जातो. लोणावळ्याच्या टायगर पॉइंटला टपऱ्या आहेत, चौकाचौकांत अमृततुल्य आहे. पण खप म्हणजे रीत नव्हे. उभ्याने संपवलेल्या पेल्याने तल्लफ भागते, गप्पा होत नाहीत. दुसरा आक्षेप असा की परकी रीत गेली तर दुःख कसलं. खुद्द इंग्लंडातही आता घरोघरी मग आणि टी-बॅग चालते, तीन मजली तबकातला चहा हॉटेलांत जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी उरला आहे. हे मान्य. पण मावळात ती रीत परकी राहिलीच नव्हती. आजही भातलावणीत दुपारचा चहा बांधावर येतो, तेव्हा चिखलातल्या बाया वर येऊन टेकतात आणि पेले रिकामे होईपर्यंत कुणी घाई करत नाही. घराघरांत चार वाजले की आधण ठेवलं जातंच. बंगलेवाल्यांनी आणि प्रवाशांनी सोडलेलं कष्टकऱ्यांनी धरून ठेवलं आहे.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने रेल्वेकडे एकच मागणं आहे. जून २०२२ मध्ये नवे एलएचबी डबे आले तेव्हाही डायनिंग कार राखली, हे फार चांगलं केलं. आता जास्त आसनांच्या हिशेबापायी ती काढू नये, तिथे कागदी पेले आणू नयेत, आणि टेबलावर चहा आणून देणारी माणसं कमी करू नयेत.