वाहक सिस्टीनचा, माल अ‍ॅलानिनचा

अमिनो आम्ले वीस, आरएनएची अक्षरे चार. तीन अक्षरांच्या एका संकेताने एक अमिनो आम्ल ठरते, हे आता शाळेच्या पुस्तकातही असते. पण संकेत आणि आम्ल एकमेकांना ओळखतात कसे? रसायनाच्या दृष्टीने दोघांचा काही मेळच नाही.

फ्रान्सिस क्रिक यांना 1955 मध्ये याच प्रश्नाने घेरले होते. मध्ये कुणीतरी दुवा असलाच पाहिजे, एका टोकाला आम्ल धरणारा आणि दुसऱ्या टोकाने संकेत वाचणारा, असा तर्क त्यांनी ‘आरएनए टाय क्लब’ या शास्त्रज्ञांच्या छोट्या मंडळासाठी लिहिलेल्या टिपणात मांडला.

दुवा सापडला बोस्टनमध्ये. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत पॉल झॅमेक्निक आणि मॅलन होगलंड उंदरांच्या यकृताच्या अर्कात किरणोत्सारी ल्युसिन घालून त्याचा माग काढत होते. प्रथिनात पोहोचण्याआधी ते आरएनएच्या छोट्या रेणूंना जोडलेले आढळले. हाच ट्रान्सफर आरएनए. त्याच्याही अलीकडे एक पायरी असते. विशिष्ट विकर एटीपीची ऊर्जा खर्चून अमिनो आम्ल एएमपीशी जोडते. हा मधला पदार्थ अल्पजीवी. विकराच्या खाचेतून तो सहसा बाहेरही पडत नाही. तिथूनच आम्ल ट्रान्सफर आरएनएच्या टोकावर चढते.

मग संकेत जुळतो तो आम्लाशी की त्याच्या वाहकाशी? 1962 मध्ये फ्रान्स्वा शापव्हील, फ्रिट्झ लिपमन, सेमूर बेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. त्यांनी सिस्टीन त्याच्या वाहकावर चढवले आणि रॅनी निकेल वापरून त्यातले गंधक काढून टाकले. गंधक गेले की सिस्टीनचे अ‍ॅलानिन होते. रायबोसोमने जिथे सिस्टीन बसायचे, तिथे हे अ‍ॅलानिन बिनदिक्कत बसवले! जीवरसायनशास्त्रात इतका सोपा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच सापडतो.

म्हणजे रायबोसोम वाहक पाहतो, माल नाही. योग्य आम्ल योग्य वाहकावर चढवण्याची सगळी भिस्त त्या विकरांवर. त्यांचे काम अवघड आहे. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांत फरक केवळ एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अणूंचा, त्यामुळे आयसोल्युसिनचे विकर अधूनमधून व्हॅलिन उचलते. पण ते चूक दुरुस्तही करते, हे पॉल बर्ग यांच्या प्रयोगशाळेत 1966 मध्ये दिसले. दुरुस्तीसाठी विकरात वेगळी खाच असते. आयसोल्युसिन तिच्यात मावत नाही. व्हॅलिन मावते आणि तोडून बाहेर काढले जाते.

त्वचेच्या जिवाणूसंसर्गावर डॉक्टर देतात ते म्युपिरोसिनचे मलम याच विकरावर घाव घालते. जिवाणूच्या विकरात आयसोल्युसिन-एएमपीची जी जागा, तीच ते अडवून बसते. आयसोल्युसिन वाहकावर चढू शकत नाही आणि जिवाणूची प्रथिननिर्मिती ठप्प होते. माणसाच्या पेशीतले हेच विकर रचनेने वेगळे असल्याने त्याला म्युपिरोसिन फारसे चिकटत नाही.