नववीतली रिकामी बाकं आणि सगळ्या गावाचा हिशोब

आजचा विषय आहे शाळागळती. थांबा, लगेच स्किप करू नका. ‘कुणी शाळा सोडली तर तो त्याच्या घरचा प्रश्न, आपल्याला काय त्याचं?’ असं ज्यांना वाटतं ना, त्यांच्यासाठीच हा एपिसोड आहे.

आधी एक आकडा सांगतो. यूडायस प्लस म्हणजे केंद्र सरकारकडे जमा होणारी देशभरातल्या शाळांची माहिती. तिच्या २०२४-२५ च्या अहवालात सहावी ते आठवीची गळती ३.५ टक्के आहे आणि माध्यमिकची ८.२ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. आणि ही गळती एका वर्षाची बरं का! दरवर्षी अशीच मुलं कमी होत गेली, तर बारावीपर्यंत वर्गात किती उरतील ते बघा.

आठवीनंतरच असं का होतं? एक कारण कायद्यातच आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे पहिली ते आठवी. त्यानंतर पोरगं शाळेत आलं नाही तर त्याला शोधत फिरण्याची सक्ती कुणावरच राहत नाही. शिवाय गावातली जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याचदा चौथी नाहीतर सातवीपर्यंतच. हायस्कूल पलीकडच्या गावात, आणि एसटीचा भरवसा नाही.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते बघायला बीड जिल्ह्यात जाऊ. दिवाळीच्या आसपास इथून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जायला निघतात, त्या परततात मार्च-एप्रिलमध्ये. शाळेचं निम्मं वर्ष गेलं की! मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण त्यांचा भर लहान वर्गांवर. नववीतल्या पोरीला ठेवायचं कुणाकडे? आजी असली तर ठीक, नाहीतर ती आईबापाबरोबर फडात जाते, नाहीतर तिचं लग्न उरकलं जातं.

त्यात ऊसतोडीचा हिशोब जोडीवर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. त्यामुळे लग्न झालं की कमाईचा नवा कोयता तयार! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २०-२४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण साधारण २२ टक्के.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यात बाकीच्या गावाचं काय जातं?

पहिला फटका बसतो तो जे शाळेत टिकून आहेत त्यांनाच. शाळेला शिक्षक किती द्यायचे हे पटावर ठरतं, त्याला संचमान्यता म्हणतात. पट घटला की पद कमी होतं, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे जातो. मग गणिताचे सरच विज्ञान शिकवतात, इंग्रजी कुणीतरी वेळ मारून नेल्यासारखं शिकवतं. ज्यांना परवडतं ते आपली मुलं तालुक्याला टाकतात, आणि पट आणखी घटतो. शेजारच्या पोराने शाळा सोडली, पण वर्ग तुमच्या बहिणीचा मोडला.

दुसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. आपल्याकडे अंगणवाडी सेविका आणि मदतनीस व्हायला आता बारावी पास असावं लागतं, आणि ती बाई त्याच गावची हवी. वस्तीतल्या सगळ्या पोरी आठवी-नववीत थांबल्या तर अर्ज करणार कोण? पद रिकामं राहिलं की वजन-उंची, पोषण आहार, लसीकरणाची आठवण, सगळं लांबतं. ते सोसतात गावातली दोन-तीन वर्षांची लेकरं. त्यात ज्यांच्या घरात पदवीधर आहेत त्यांचीही आली. आयटीआयचंही तसंच. इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला दहावी पास लागते. दहावीच नसेल तर पंप दुरुस्तीला बाहेरच्या माणसाची वाट बघा!

आणि मजुरी? कोयता धरण्यावाचून पर्याय नसलेली माणसं गावात जितकी वाढतात, तितकं मुकादमाचं फावतं. भाव वाढवून मागायला गेलं तर तो सरळ दुसरी जोडी बघतो.

म्हणून मला ‘आईबापांना शिक्षणाची किंमत नाही’ हे वाक्य अजिबात पटत नाही. पोरीला सहा महिने सुरक्षित ठेवायची सोय नाही, ही खरी अडचण. ज्या गावांत मुलींना बारावीपर्यंत फुकट नेणारी मानव विकासची बस वेळेवर येते, तिथे निदान रस्त्याचा प्रश्न तरी सुटतो. नववी-दहावीसाठी वसतिगृह हवं, ही मागणी ग्रामसभेत मांडता येते. गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या कुणालाही तिथे बोलायचा हक्क आहे, तुमचं नाव असेल तर तुम्हालाही.

आणि तुमच्या ओळखीत कुणी आधीच शाळा सोडली असेल तर १७ नंबरचा फॉर्म लक्षात ठेवा. तो भरून बाहेरून दहावी-बारावीची परीक्षा देता येते. तारखा आणि फी राज्य मंडळाच्या वेबसाइटवर असतात, मुदत मात्र परीक्षेच्या बरीच आधी संपते. हा भाग त्यांना आजच फॉरवर्ड करा.