नैरोबी ते लागोस : अंतर आणि उड्डाणकाळ

दोन शहरांमधील अंतर मोजता येते. परंतु केवळ त्यावरून प्रवासाचा काळ निश्चित होत नाही. पूर्व आफ्रिकेतील नैरोबी आणि पश्चिम आफ्रिकेतील लागोस ही शहरे याचे बोलके उदाहरण होत. बृहद्‌वृत्ताच्या, म्हणजे भूपृष्ठावरील सर्वांत जवळच्या मार्गाने त्यांच्या विमानतळांमधील अंतर सुमारे ३,८३० किलोमीटर भरते. ताशी ८५० किलोमीटर वेगाने ते साडेचार तासांत कापता येते. मात्र उड्डाण व अवतरणाच्या वेळी वेग कमी असल्याने थेट विमानास सुमारे पाच तास लागतात. लागोसची प्रमाणवेळ नैरोबीपेक्षा दोन तासांनी मागे आहे. त्यामुळे घड्याळानुसार हा प्रवास जाताना तीन, तर परतताना सात तासांचा भासतो.

थेट विमान नसल्यास अदिस अबाबासारख्या ठिकाणी विमान बदलावे लागते आणि प्रतीक्षेमुळे हाच प्रवास कितीतरी लांबतो. ही अडचण ओळखून आफ्रिकी देशांनी १९९९ मध्ये यामुसुक्रो निर्णयाद्वारे परस्परांसाठी हवाई मार्ग खुले करण्याचे ठरविले. त्याच्या अंमलबजावणीसाठी २०१८ मध्ये एकसंध आफ्रिकी हवाई बाजारपेठेचा प्रारंभ झाला. तात्पर्य, या शहरांमधील प्रवासाचा काळ भूगोलाइतकाच राष्ट्राराष्ट्रांमधील करारांवरही अवलंबून असतो.