जुन्या जीपचे मागचे दार अडकते? दोरीने बांधू नका, आधी हे तपासा

गेल्या पावसाळ्यात रात्री शेजारच्या आजींना आमच्या जुन्या जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. त्यांना मागच्या बाकावर झोपवले होते. दवाखान्यासमोर गाडी थांबवली, तर मागचे दार उघडेना. शेवटी आतून एकाने खांदा लावला, बाहेरून मी हँडल ओढून धरले, तेव्हा दार सुटले. आजी आता बऱ्या आहेत. पण दार महिनाभर कुरकुरत होते आणि मीच "उद्या बघू" म्हणत होतो, हे मनाला लागले.

आपल्याकडे असे दार लोक दोरीने नाहीतर तारेने बांधतात. मागे समोरासमोर बाक असलेल्या गाडीत मागच्या माणसांना बाहेर पडायला तेवढेच एक दार असते. गाडी पलटी झाली किंवा आग लागली तर ते बांधलेले दार जिवावर बेतेल. खरे तर बऱ्याचदा हे काम अर्ध्या तासाचे असते.

दोष कुठे आहे?

दार उघडे ठेवा. दाराच्या कडेला लॉकचा फिरणारा आकडा दिसतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने तो दाबून बंद करा आणि हँडल ओढा.

१) आकडा टक्कन सुटला, तर लॉक ठीक आहे. दार नीट बसत नाही.
२) आकडा जड सुटला, तर आत धूळ आणि वाळलेले ग्रीस आहे.
३) हँडल ढिले लागले आणि आकडा हललाच नाही, तर दाराच्या आतली सळी निसटलेली असते.

तपासून झाल्यावर आकडा मोकळा करा, मगच दार लावा. नाहीतर ते आपटते आणि आकडा वाकतो.

लॉक जड असेल तर

गंज सोडवणारा स्प्रे आकड्यावर मारा आणि १० मिनिटे थांबा. जुन्या ब्रशने घाण काढा, फडक्याने पुसा. आकडा १५-२० वेळा बंद-उघड करा. मोकळा झाला की थोडेसेच ग्रीस लावा. जळके ऑइल ओतू नका, त्यावर फुफाटा चिकटतो आणि पुन्हा तेच होते. किल्लीच्या भोकात ग्रीस घालू नये. पेन्सिलच्या शिसाची बारीक पूड किल्लीला लावून ती काही वेळा फिरवा.

दार बसत नसेल तर

बऱ्याच जीपना स्टेपनी मागच्या दारावरच असते. त्या वजनाने वर्षानुवर्षांत बिजागरी झिजते आणि दार खाली येते. अर्धे उघडे दार दोन्ही हातांनी वर उचलून बघा. खडखड वाजले, खालीवर झाले, तर आधी बिजागरीचे बोल्ट आवळा. तरीही हलले तर पिन बदलावी लागेल.

बिजागरी घट्ट असूनही दार अडकत असेल, तर चौकटीवरची कडी सरकवायची. मेकॅनिक तिला स्ट्रायकर म्हणतात. आधी तिच्याभोवती पेनाने खूण करा. स्क्रू फक्त ढिले करा, पूर्ण काढू नका. काही गाड्यांत मागची पट्टी आत पडते. एक-दोन मिलिमीटर सरकवा, आवळा आणि दार हळू लावून बघा.

सळी निसटली असेल तर दाराचे आतले कव्हर काढावे लागते. बहुतेक वेळा प्लास्टिकची क्लिप तुटलेली असते. तिथे तार गुंडाळू नका, क्लिप नवीन टाका. जमत नसेल तर सरळ मेकॅनिककडे जा.

शेवटची परीक्षा

आत एक माणूस बसवा, दार लावा. आतून हँडल असेल तर आतून, नंतर बाहेरून, असे १० वेळा उघडून बघा. मग खडबडीत रस्त्यावर रिकामी गाडी फिरवून आणा. दार आपोआप सुटले तर काम अजून बाकी आहे, तोवर मागे कोणाला बसवू नका.

आता पावसाच्या आधी आणि पाऊस सरल्यावर मी लॉक साफ करतोच. तुमच्याही गाडीचे मागचे दार आज एकदा उघडून बघा.